ह्यांची दोरी

मी चौथीत शाळा सोडली. सगळी उमर गवंडीकामात गेली, पण मी उभारलेली भिंत वाकडी आहे असं कुणी म्हणालं नाही. त्यामुळे पुस्तकातलं पटलं नाही तर मी तोंडावर सांगतो.

ही आजारी पडली म्हणून मुलानं आम्हा दोघांना इकडं जपानात, हिगाशी-कसाईला आणलं. सहा वर्षांची नात शाळेतून आली की आजीच्या गादीशी बसून पुस्तकातली चित्रं दाखवायची. एकदा अंगठ्याएवढा पक्षी निघाला. नातीनं त्याचं जपानी नाव सांगितलं, "हाचिदोरी."

"कुणाची दोरी?" ही म्हणाली. "ह्यांची? ह्यांची बळकट आहे गं. माझीच विरत चाललीय." आणि खोकला येईपर्यंत हसली.

मुलानं जपानी वाचून सांगितलं. उंच डोंगरावर रात्री एवढी थंडी, की एवढ्याशा जिवाला रातभर ऊब पुरत नाही. म्हणून तो अंगच गार करून टाकतो. काळीज अगदी हळू चालतं. हातात घेतला तर मेलेलाच वाटेल. उजाडताना थरथरतो, तापतो आणि फुलांवर जातो.

"थापा," मी म्हणालो. "गार पडलं ते संपलं."

"तुम्हाला काय कळतंय? मला पटलं बाई."

एवढ्यावरून मी दोन दिवस तिच्याशी बोललो नाही.

पुढच्या आठवड्यात ती गेली. आपल्याकडे त्याच दिवशी सगळं उरकतं. इथं स्मशानात चौथ्या दिवशीचा नंबर मिळाला. तोवर तिला घरीच गादीवर ठेवलं, कुशीला सुका बर्फ लावून. बर्फवाला वाकून सांगून गेला, खोली गार ठेवा, पडदा उघडू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी नात आत आली. आजीच्या कपाळाला हात लावून तिनं झटकन मागं घेतला. मग मला हळूच विचारलं, "हाचिदोरी?"

माझंच वाक्य तोंडात तयार होतं. ते गिळून मी म्हणालो,

"नाही गं बाळा. आजी उठायची नाही."

ती रडली नाही. पडद्याकडं बघत राहिली.

मी उठलो आणि पडदा सारला. ऊन आधी हिच्या पायांवर आलं, मग हातांवर.

"बाबा, काय करताय? लावा तो!" मुलगा दारातून म्हणाला.

मी लावला नाही. ऊन हिच्या तोंडावर आलं, तिथून सरकून भिंतीवर गेलं, तेव्हा मीच उठून लावला.