घोटीच्या वाटेवर सुटलेली बोट

आजवरच्या माझ्या ड्रायव्हिंगमध्ये मला एका बोटीनं ओव्हरटेक केलं आहे.

बोट माझ्या मेव्हण्याची, प्रकाशची. घोटीपलीकडे धरणाच्या काठी त्यानं पर्यटकांसाठी चार खोल्या बांधल्या आणि उरलीसुरली पुंजी या बोटीत घातली. दुसऱ्या दिवशी उद्घाटन! नाशिकहून बोट न्यायला तो टेम्पो ठरवत होता, तेवढ्यात मी तोंड घातलं, "टेम्पो कशाला? माझ्या जीपला मागं हुक आहे की!" (हुक जुन्या मालकानं लावलेला. तो कशासाठी असतो हे मला त्याच दिवशी कळलं.)

बोट विकणाऱ्यानं बोटीचा ट्रेलर जीपला जोडून बजावलं, "साहेब, दोनच गोष्टी. या खटक्यात ही पिन हवीच. आणि ही साखळी जीपला अडकवलेली हवीच. खटका उघडलाच तर साखळी धरून ठेवते."

"अहो, पंचवीस वर्षं गाडी चालवतोय मी!"

वाटेत घरापाशी थांबलो, कारण पूजेशिवाय नवी वस्तू पुढं न्यायची नाही असा आमच्या हिचा नियम. नारळ फुटला, चाकांखाली लिंबं गेली. "पिनेलाही कुंकू लावू. सगळा भार तीच सांभाळणार!" असं म्हणून मीच ती भक्तिभावानं काढून ताटात ठेवली. हार बांधायला जागा मिळेना, म्हणून साखळीही जीपपासून सोडवली, बोटीच्या नाकाला गुंडाळली आणि तिला हार बांधला. काय शोभत होता! मग ही ताट घेऊन आत गेली आणि मी नि प्रकाश निघालो.

घोटी सोडून आतल्या रस्त्याला लागलो, उतार सुरू झाला आणि प्रकाशचा फोन वाजला.

"बोल गं ताई... काय? ताटात लोखंडी पिन?" तो पांढराफटक पडला. "दाजी, थांबा!"

थांबायच्या आत स्पीडब्रेकर आला. मागं धाडकन आवाज झाला.

"दाजी, हे डावीकडून कोण चाललंय?"

"आपण!" मी ओरडलो.

हार मिरवत बोट आम्हाला मागं टाकून गेली, रस्ता सोडून थेट भाताच्या खाचराकडे. आणि बांधावर एक मावशी उभ्या! माझ्या तोंडचं पाणी पळालं. प्रकाशनं तर डोळेच मिटले. बोट मावशींपासून चार हातांवरून गेली आणि गुडघाभर चिखलात अलगद बसली.

आम्ही धावत पोहोचलो. मावशी धडधाकट, बोटीला ओरखडा नाही. मला इतकं हायसं वाटलं की मी चिखलातच बसकण मारली आणि चक्क रडलो.

मावशी कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "ओ भाऊ, धरण फुडं हाय, हितं नाय! आन् लावलेला भात कोन उचलनार?"

आडवी झालेली रोपं मी उचलून लावली. (एकही सरळ उभं राहिलं नाही.) तोवर मावशींच्या दिरानं ट्रॅक्टर आणला, बोट बाहेर काढली आणि स्वतःची पिन घालून धरणापर्यंत पोहोचवायचं कबूल केलं. प्रकाश माझी जीप सोडून त्याच्या शेजारी जाऊन बसला. ट्रॅक्टर हलला तेव्हा त्यानं मागं वळून हात जोडले.

"दाजी, उद्या उद्घाटनाला नक्की या. तुमच्याशिवाय नारळ फुटणार नाही. पण एसटीनं या!"

गेलो, एसटीनंच गेलो. चढण्याआधी फक्त बसच्या मागं जाऊन एकदा बघून आलो, तिला काही बांधलेलं तर नाही ना!