माझ्या आजाची वीस एकर बागायत

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, नवऱ्याला तर नाहीच. तुला सांगते – पण मध्ये बोलू नकोस, नाहीतर माझा धीर सुटेल.

माझा आजा – वडिलांचे वडील – सुरगाण्याच्या डोंगरातला. भात कापून झालं की सगळं घर डोक्यावर भांडी घेऊन पायी लासलगावकडे यायचं, कांदे लावायला. सातव्या वर्षी तो वाफ्यात उतरला. थंडीत, चिखलात उकिडवं बसून दिवसभर रोपं खोचायची. पायांना भेगा, बोटं सुजलेली. दहाव्या वर्षी मोठ्यांच्या बरोबरीनं ओळ न्यायचा, आणि ओळ इतकी सरळ की शेतकरी बाकीच्या मजुरांना बोलावून दाखवायचे! शाळा? कसली शाळा! पण माझ्या वडिलांना त्यानं शिकवलं, म्हणून मी इंजिनिअर झाले. अभिमान वाटतो मला त्याचा, खूप वाटतो. तेव्हाही वाटायचा. मग त्या दिवशी मला काय झालं होतं?

नाशिकला नव्या सोसायटीत राहायला आलो होतो. मला नोकरी लागली म्हणून सव्वीस जानेवारीला, झेंडावंदनानंतर, माझा सत्कार ठेवला. आई-वडील त्या दिवशी गावी गेले होते, घरातले आम्ही दोघंच होतो. आजालाही म्हणाले, दोन शब्द बोला. आणि आजा बोलला की! आमच्या डोंगरातल्या बोलीत, हात नाचवत – चिखल, थंडी, ती ओळ, सगळं. नुसता फुलला होता. लोकांना मात्र काही कळेना. सेक्रेटरीकाका म्हणाले, "अगं, जरा मराठीत सांग ना."

मी माइक घेतला. समोर कडक इस्त्रीचे कपडे, माना वर करून बघणारे चेहरे... आणि मी – कसं सांगू? – मी म्हणाले, आजोबा सांगताहेत, आमची लासलगावला वीस एकर बागायत होती, लहानपणी ते मजुरांवर देखरेख करायचे.

टाळ्या पडल्या. आजा शेजारीच उभा होता. मनातलं बोलायला त्याला आपलीच बोली लागायची, पण मराठी त्याला शब्द न् शब्द कळायची. मला हे ठाऊक नव्हतं का? होतं. त्यानं सगळ्यांना हात जोडले.

जिन्यात म्हणाला, "पोरी, वीस एकर? आन् मला एकदा बी दावली नाय!" आणि हसला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माफी मागितली का? नाही.

दुसऱ्या दिवशी खाली बाकावर म्हातारी मंडळी त्याला विचारत होती, ती जमीन अजून आहे का. मी तिथंच स्कूटी काढत होते. खरं सांगायला त्याला किती वेळ लागला असता? त्यानं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "इकली."

पुढं तो आठ वर्षं जगला. आपल्या कष्टांबद्दल एक अक्षर त्यानं पुन्हा तोंडातून काढलं नाही – घरातसुद्धा नाही. माझा आजा मजूर होता. त्याला त्याचा अभिमान होता, आणि तो मी त्याच्यादेखत पुसून टाकला.