येतो म्हणून गेला

आमच्या गावचे काशीराम मास्तर अंधेरीला, मरोळच्या एका कारखान्यात विजेची मापं दाखवणारे मीटर जुळवत. मीटरचा काटा ज्या स्प्रिंगवर डोलतो, ती केसाहून बारीक. चिमट्यात धरून, श्वास रोखून ती बसवायची. असा हात मुलखात थोड्यांचा. मास्तरांनी तो पाच जणांना दिला. चौघे परदेशी गेले. उरला क्लेमेंट, मरोळ गावठाणातलाच.

एकाहत्तर साली त्यालाही जर्मनीहून बोलावणं आलं. कारखान्याचं ना हरकत पत्र हवं होतं, आणि त्यावर आधी मास्तरांची सही. मास्तरांनी कागद तीन आठवडे खणात ठेवला. भिंग लावूनही त्यांना स्प्रिंगचं टोक दिसेनासं झालं होतं. हे कुणाला ठाऊक नव्हतं. क्लेमेंट गेला की तो हात संपला.

"मास्तर, कागदावर अंडी उबवताय काय?" क्लेमेंटने एकदा विचारलंच.

"तुला इथे काय कमी आहे रे?"

"सात वर्षं बढती मागतोय. साहेब म्हणतात, तुला वर चढवला तर टेबलावर कोण बसणार? म्हणजे काम चांगलं येतं हीच माझी चूक!"

मास्तरांनी खणातून कागद काढला आणि सही केली. क्लेमेंटने त्यांचे दोन्ही हात हातात घेतले.

"येतो, मास्तर."

तो एवढा एक शब्द मास्तरांनी गाठीला बांधला.

क्लेमेंट गेल्यावर कारखान्याचे चंद्रप्रकाश साहेब म्हणाले, "नवीन माणूस शिकवा."

"कशाला? क्लेमेंट येतो म्हणालाय."

"अहो, जातो म्हणून कोण जातं? माझी सासूसुद्धा येते म्हणूनच जाते!"

"मग परत येतात ना त्या?"

साहेब हसत निघून गेले. क्लेमेंटच्या स्टुलावर मास्तरांनी दीड वर्ष कुणाला टेकू दिलं नाही. अर्धवट मीटर कपाटात साचत गेले. डोळ्यांत होता तो उजेडही आटत गेला.

मग पत्र आलं. गावठाणातलं घर विकलं, आईला आणि बायकोला, विनीला, इकडे आणतोय, मास्तर, तुम्हीपण या, असं क्लेमेंटने लिहिलं होतं.

त्याच आठवड्यात साहेबांनी बजावलं, "शनिवारपर्यंत एक तरी मीटर चालता दाखवा. नाहीतर विभाग बंद. मीटर बाहेरून मागवू."

मास्तरांनी खोकी बांधणाऱ्या खात्यातल्या जया नावाच्या पोरीला बोलावून स्टुलावर बसवलं. चिमटा असा धर, कोपर टेकव, श्वास सोडू नको, असं तोंडाने सांगत राहिले. पोरीचा हात हलका होता. शनिवारी दुपारी तिने स्प्रिंग बसवली, वीज सोडली. काटा उठला आणि अर्ध्यावर अडकला.

"कुठे चुकलं, मास्तर?"

मास्तर भिंगावर वाकले. आत नुसतं धुकं.

"काढ. पुन्हा लाव."

तिने पुन्हा लावली. काटा पुन्हा तिथेच.

"अहो, पण चुकतंय कुठे ते सांगा ना. मला सगळ्या सारख्याच दिसतात. फरक तुम्ही दाखवणार होतात ना?"

मास्तरांनी भिंग पुसलं, लावलं, परत पुसलं. साहेब दारात येऊन उभे होते; मास्तरांना दिसत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं होतं.