आत्याच्या गणपतीपुढचा दिवा
परवा गॅरेजमध्ये बॅटरीच्या ॲसिडचा वास आला आणि वीसेक वर्षांपूर्वीचं राई गावातलं विसर्जन आठवलं. आत्याचा गणपती दरवर्षी वाडीतल्या माझ्या जुन्या, छोट्या ट्रॅक्टरवरून खाडीवर जाई. मिरवणुकीच्या संथ चालीत त्याचा डायनामो पुरेसं चार्जिंग देत नसे, पुढचा दिवा पिवळा पडे. त्या वर्षी चुलतभावाने सेकंडहँड ट्रॅक्टर आणून त्यावर रंगीत माळा सोडल्या, आणि आत्याने गणपती नेण्याचा मान त्याला दिला. मी माझ्या ट्रॅक्टरवर भजनी मंडळींना घेऊन मागे राहिलो. पुढचा झगमगाट मला बघवत नव्हता. देवळापाशी आरतीसाठी त्याने रिवाजाप्रमाणे इंजिन बंद केलं, माळा मात्र चालूच ठेवल्या. "माळा बंद कर, बॅटरी उतरेल," मी म्हणालो. "तुजे पोटान दुखतंय काय रं?" तो हसला. आरती संपेपर्यंत माळा विझल्या आणि स्टार्टर नुसता टकटक करू लागला. मी पुढे जाऊन दोर बांधला आणि त्याचा ट्रॅक्टर गणपतीसकट ओढायला लागलो. रेस वाढवल्यावर माझा दिवा लख्ख पेटला. कुणीतरी कौतुकाचं काही म्हणेल म्हणून मी वळून पाहिलं, तर आत्या चुलतभावाच्या पाठीवरून हात फिरवत होती: "बिचाऱ्यानं कवरी हौस केली व्हती." त्या हाताचा हेवा मला आजही वाटतो.