इलारियोचा राखाडी सूट

इलारियो दुमलाओला कॅमेऱ्यासमोर खरं बोलताच येत नव्हतं. त्याचा तरी काय दोष म्हणा! कॅलिफोर्नियातल्या शतावरीच्या शेतांत वाकून वाकून कंबर मोडलेले सगळेच फिलिपिनो म्हातारे तसले. गावी फोटो पाठवायचा तर सूट भाड्याचा, मोटार परक्याची, आणि मागे लिहायचं, 'मी मजेत आहे.' आईनं तो चर्चमध्ये बायकांना दाखवला, की भरून पावलं.

सॅन फ्रान्सिस्कोत हे म्हातारे भाड्यानं राहायचे ते हॉटेल पाडायचं ठरलं तेव्हा त्याला शहात्तरावं लागलं होतं. बायको नाही, पोर नाही. तिसऱ्या मजल्यावरची ती एवढीशी खोली, तेच त्याचं घर. ते वाचवायला त्यांच्यातलीच कॉलेजची पोरं धावून आली. लोर्ना कॅमेरा घेऊन आली. सगळ्या म्हाताऱ्यांना ती 'मनोंग' म्हणायची, म्हणजे थोरला भाऊ.

"मनोंग, आहे तसं दाखवा हं. गळकं छत, तुमची कंबर, सगळं. हॉटेल पाडायला परवानगी देणाऱ्या समितीच्या साहेबांना दाखवायचंय."

"ये उद्या सकाळी."

सकाळी उठून इलारियोनं गादीखाली दाबून ठेवलेला राखाडी सूट काढला. टाय बांधला, बूट चमकवले. छताखालची बादली पलंगाखाली ढकलली. शेजारचा सिप्रियानो दारातून ओरडला, "काय रे, लग्न आहे का तुझं?"

"गप बस! लोक बघणार आहेत."

लोर्ना बघतच राहिली. तरी तिनं विचारलं, "इथून काढलं तर कुठे जाल, मनोंग?"

"माझं काय! चिक्कार ओळखी आहेत. मी मजेत आहे," असं म्हणून तो छान हसला. जिभेला पन्नास वर्षांची सवय, दुसरं काय!

लोर्नानं परत काढू म्हटलं तर तो ऐकेना. सुनावणी दुसऱ्याच दिवशी होती, म्हणून तिनं समितीपुढे आहे तेच दाखवलं. "हे गृहस्थ स्वतःच सांगताहेत की," साहेब म्हणाले. इलारियो ताडकन उठला. "साहेब, ते खोटं होतं!" साहेबांनी त्याच्या टायकडे पाहिलं आणि पुढचं नाव पुकारलं.

पोलिसांनी सगळ्यांना बाहेर काढलं, त्या सकाळी तो फुटपाथवर नुसत्या बनियनवर उभा होता. लोर्ना दिसताच त्यानं बनियन वर केला आणि वाकडी पाठ तिच्याकडे फिरवली.

"घे पोरी, घे आता! माझं कुणी नाही गं. कुठे जाऊ मी? घे की!"

कॅमेरा तिच्या खांद्याला होता. तिनं तो उचललाच नाही.

"आता कुणाला दाखवायचं, मनोंग?"