सासऱ्यांनी धुतलेले लंगोट

घडीवाल्यांना खऱ्या नावाने हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं. एका मोठ्या हॉटेलच्या लॉन्ड्रीत त्यांनी बत्तीस वर्षं काढली होती. निवृत्त झाल्यावरही हातात टॉवेल आला की चार कोपरे जुळवल्याशिवाय ते तो खाली ठेवत नसत. शेजारीपाजारी डागाळलेली चादर घेऊन सल्ला विचारायला यायचे. चहाचा, शाईचा, गंजाचा, प्रत्येक डागावर त्यांच्याकडे इलाज होता, आणि इलाजाच्या आधी थोडं भाषणही होतं.

त्यांची सून दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवायची. तिची बाळंतपणाची रजा संपत आली आणि ठमीने, म्हणजे तिच्या लेकीने, नेमकी तीच वेळ साधली. विकतच्या डायपरने पोरीला पुरळ उठलं. तेही असंतसं नाही, लालभडक; ओला कापूस टेकवला तरी ती घर डोक्यावर घ्यायची. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काही महिने कापडीच वापरा." सांगायला काय जातं! नवरा बस चालवायचा, तो पहाटे पाचलाच घराबाहेर. सासऱ्यांचे गुडघे असे, की नात कडेवर घेऊन दोन पावलं टाकायची त्यांची छाती होत नसे. पाळणाघराला पर्याय नव्हता, आणि पाळणाघरवाल्या ताईंनी तर हातच जोडले.

"अहो, माझ्याकडे अकरा पोरं आणि हात दोन. कापडी म्हणजे सारखं ओलं. शनिवारपर्यंत बघते. जमलं तर ठीक, नाहीतर तुम्ही दुसरी सोय बघा."

दुसरी सोय कुठली? दुपारी लॅबमधून धावत जाऊन दूध पाजून येण्यासारखं ते एकच पाळणाघर होतं. ते सुटलं की नोकरी सुटली, हे सुनेला लख्ख दिसत होतं. आठ वर्षं खपून तिने ते काम हातात आणलं होतं. पुढच्या दोन दातांत किती फट ठेवली की म्हाताऱ्या माणसाला आपलं जुनं हसू परत मिळतं, हे तिच्या बोटांना कळायचं. ते सोडून घरी बसायला ती तयार नव्हती.

"धुणं माझ्याकडे," घडीवाल्यांनी जाहीर केलं. "बत्तीस वर्षं अनोळखी लोकांचं धुतलं. ही तर नात आहे."

सुनेला भरून आलं. तिने दोन डझन पांढरे सुती लंगोट आणले, वरून घालायच्या पाणी न झिरपणाऱ्या चार चड्ड्या आणल्या, आणि सासऱ्यांनी न्हाणीघराचा ताबा घेतला. झाकणाची बादली, बसायला स्टूल, गरम पाणी, दोनदा खळबळणं, आणि शेवटच्या पाण्यात गुलाबी बाटलीतलं टोपणभर औषध. कपडे मऊ आणि सुवासिक करणारी ती बाटली हॉटेलातली त्यांची जुनी सोबतीण. वाळलेल्या लंगोटांची चळत पाहून सून म्हणाली, "बाबा, हे ठमीला घालायचे की पाहुण्यांपुढे ठेवायचे?" म्हातारा दिवसभर खूश होता.

सोमवारी लंगोट गळले. मंगळवारी पाऊण तासात मोज्यांपर्यंत ओल गेली. ताई म्हणाल्या, घडी चुकते. सुनेने तिकोनी घडी करून पाहिली, चौकोनी करून पाहिली. बुधवारी एकावर एक दोन लंगोट बांधले तर ठमीला पाय मिटेनात, आणि ओल होती तिथेच. जेवताना नवऱ्याने विचारलं, "स्वस्तातले आणलेस का?" त्यावर त्याला असं उत्तर मिळालं, की पुढची पोळी त्याने स्वतःच वाढून घेतली.

गुरुवारी लॅबमध्ये ती साचा भरत होती. कवळीच्या साच्याचे दोन भाग प्लास्टरचे. खालचा भाग वाळला की त्यावर व्हॅसलिनचा हलका हात फिरवायचा, म्हणजे वर ओतलेलं प्लास्टर त्याला धरत नाही. तिने हात फिरवला, आणि ब्रशावरचं थेंबभर पाणी त्यावर पडलं. एरवी कोरडं प्लास्टर पाणी घटाघट पितं. हा थेंब मात्र गोल होऊन तसाच बसून राहिला.

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग पिशवीतून एक धुतलेला लंगोट काढला आणि त्यावर थेंब सोडला. तोही गोल होऊन बसला. लंगोट तिरका करताच घरंगळून टेबलावर पडला.

गुलाबी बाटली! तिने कापडावरही असाच तुळतुळीत थर चढवला होता.

आधी तिचा जीव भांड्यात पडला, आणि लगेच धसका बसला. हे बाबांना सांगायचं कसं? ज्या माणसाने आपण होऊन कंबर कसली, त्याला म्हणायचं, की तुमच्या धुण्यानेच सगळं बिघडलं? घरी पोचेपर्यंत तिने दहा वाक्यं जुळवली आणि दहाही मोडली. शेवटी एवढंच म्हणाली, "बाबा, एक गंमत बघता?" आणि त्यांच्यासमोर लंगोटावर पाण्याचा थेंब टाकला.

घडीवाल्यांनी चष्मा वर-खाली केला. तिला पुढे काही बोलावंच लागलं नाही.

"बाटली," ते म्हणाले, आणि स्टुलावर बसले. "हॉटेलात तक्रार यायची गं. टॉवेल पाणी टिपत नाहीत. कितीदा तरी यायची. मी म्हणायचो, या लोकांना अंग पुसायची अक्कल नाही." ते हसले, पण ते हसू टिकलं नाही. "म्हणजे तुझी नोकरी मीच घालवत होतो की, पोरी."

"तुम्ही नसता तर ती सोमवारीच गेली असती," ती म्हणाली. ते खरंच होतं.

त्याच संध्याकाळी त्यांनी दुसऱ्या दिवशी वापरायचे चार बाजूला ठेवून बाकी सगळे उकळत्या पाण्यात घातले. फेस येईनासा होईपर्यंत पाच पाणी बदलली. वाळायला शुक्रवार गेला. पाळणाघरात त्या दिवशीही जुने चार गळलेच, आणि ताई म्हणाल्या, "उद्या शेवटचा दिवस हं." संध्याकाळी दोरीवरून उतरवलेले लंगोट पाणी पीत होते खरे, पण पुठ्ठ्यासारखे कडक झाले होते. पोरीच्या सोललेल्या कातडीला ते लावायचे कसे? सून ते तसेच खिडकीशी ठेवून झोपायला गेली.

सकाळी ती उठली तेव्हा घडीवाले खिडकीशी बसले होते. मांडीवर लंगोट. दोन्ही तळव्यांत धरून ते एकेक चोळत होते, गालाला लावून पाहत होते, पुन्हा चोळत होते. शेजारी मऊ झालेल्यांची चळत, कोपऱ्याला कोपरा लावलेली.

दुपारी ती पाळणाघराच्या दारात पोचली. ताई कंबरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"सकाळपासून दोनदाच बदलला," त्या म्हणाल्या. "आणि वरची चड्डी, मोजे, सगळं कोरडं ठणठणीत. सोमवारपासून आणा कापडीच." मग आवाज उतरवून म्हणाल्या, "पण इतके मऊ कशाने होतात हो? बाटलीचं नाव सांगा ना, माझ्या लेकीला हवंय."

"बाटली नाही हो ताई," सून म्हणाली. "माझे सासरे हातांनी चोळतात. एकेक."

ताईंनी हातातला लंगोट पुन्हा नीट घडी करून चळतीवर ठेवला.

संध्याकाळी सुनेने घरी सगळं जसंच्या तसं सांगितलं. घडीवाल्यांनी "हं" केलं आणि पुढचा लंगोट चोळायला घेतला. त्यांचे तळवे चोळून चोळून लाल झाले होते, एका जागी सालही निघाली होती. तिने व्हॅसलिनची डबी उघडली, जमिनीवर बसली आणि त्यांचा हात ओढला. "बाबा, माझ्या वडिलांनीसुद्धा केलं नसतं एवढं."

म्हाताऱ्याने झटकन दोन्ही हात पाठीमागे लपवले.

"अगं, ते नको आत्ता! हाताला लागलं की लंगोटाला लागणार. आधी सोमवारचे चोळून होऊ देत."