काड्यापेटीतले गोचीड

माझ्या कातडीखाली गोचीड वळवळत होते. नवी म्हैस आणल्यापासूनचा हा त्रास, म्हणून बोरीच्या बाजारात भांडून मी ती विकणाऱ्याच्याच गळ्यात परत मारली. तरी वळवळ थांबेना. मग काड्यापेटीत गोचीड धरून परभणीला कातडीच्या डॉक्टरांकडे गेलो.

"मामा, हे कापसाचे तंतू आहेत. गोळ्या कोणत्या चालू आहेत?"

"तुमाला दिसंना तर चष्मा बदला!" मी ओरडलो.

बायकोने माझ्या हाताच्या थरथरीवरच्या गोळ्या पुढे केल्या. "म्हैस आली त्याच आठवड्यात सुरू झाल्यात."

या गोळ्यांनी असे भास होऊ शकतात, असे डॉक्टर म्हणाले. थरथरीच्या डॉक्टरने गोळी बदलली, गोचीड गेले. विकणारा मात्र म्हैस आता कोणत्याच भावात देईना. गोळी देतानाच त्या डॉक्टरने एवढे सांगितले असते, तर ती आज माझ्या दावणीला असती.